शेती योजनांचं अनुदान आणि महिला शेतकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निंदणी, खुरपणी, लावणी, कापूस वेचणी, जनावरांचं शेणपाणी बायकांकडे. ठिबक, पंप आणि ट्रॅक्टरचं अनुदान पुरुषांच्या खात्यावर. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत हे असंच चालत आलंय. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या कामकरी स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के स्त्रिया शेतीत होत्या. २०१५-१६ च्या कृषिगणनेत मात्र वहितीदार (स्वतःच्या नावाने जमीन कसणारे) म्हणून त्यांच्या वाट्याला आली जेमतेम १४ टक्के खाती आणि त्याहून कमी, म्हणजे ११.७२ टक्के क्षेत्र. योजनांमध्ये महिलांसाठी राखीव निधी असतो, जादा अनुदानही असतं. अर्ज अडतो तो त्याआधीच्या कागदांवर. म्हणून इथे कागदांबद्दल जास्त लिहिलंय.

शेत मी कसते, तरी अर्जात मला 'शेतकरी' का धरत नाहीत?

कारण महाडीबीटी (राज्याच्या योजनांचे अर्ज भरायचं संकेतस्थळ) असो वा पीएम-किसान, अर्जदाराच्या नावावर जमीन आहे का हे आधी पाहिलं जातं. सातबारा आणि आठ-अ उताऱ्यावर नाव नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने 'शेतकरी' या व्याख्येत बटईदार, कूळ, शेतमजूर, पशुपालक यांनाही धरलं होतं. पण धोरणातली व्याख्या संगणकाच्या अर्जात उतरली नाही. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेत मांडलं होतं, तेही मंजूर न होताच व्यपगत झालं. आज हातात मार्ग दोनच: नाव उताऱ्यावर आणणं, आणि ते होईपर्यंत जमिनीची अट नसलेल्या योजना धरणं. दोन्हींबद्दल पुढे आहे.

नवरा हयात आहे आणि तयारही आहे. माझं नाव सातबाऱ्यावर कसं लागेल?

यासाठी महसूल विभागाचं १५ सप्टेंबर १९९२ चं परिपत्रक आहे. त्याला लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम गावोगाव चालवली, त्यातून हे परिपत्रक आलं. नवरा हयातीत, स्वखुशीने, स्वतःच्या जमिनीत पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. खरेदीखत लागत नाही, बक्षीसपत्र लागत नाही, दस्त नोंदणीही लागत नाही.

अर्ज नवऱ्यानेच करायचा, साध्या कागदावर, तहसीलदारांच्या नावे. सोबत चालू सातबारा आणि आठ-अ, दोघांचं आधार, लग्नाचा पुरावा (विवाह नोंदणी दाखला नसेल तर शिधापत्रिका आणि प्रतिज्ञापत्र). तहसीलदारांचा आदेश झाला की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरतात. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. फेरफार 'प्रमाणित' झाला का हे पाहिल्याशिवाय काम झालं असं धरू नका. बऱ्याच बायका फेरफार क्रमांक मिळाला म्हणून निर्धास्त होतात आणि पुढे उताऱ्यावर नाव नसतंच.

हे कुठे अडतं? एक, जमीन नवऱ्याच्या एकट्याची नसते. सातबाऱ्यावर चार भावांची नावं सामाईक असतील तर नवरा फक्त स्वतःच्या हिश्शापुरतं बोलू शकतो, आणि हिस्सा ठरलेला नसेल तर बाकीचे हरकत घेतात. तिथे आधी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप करून घ्या. त्याचा अर्जही तहसीलदारांकडेच जातो. दोन, परिपत्रक जुनं असल्याने कार्यालयात 'अशी योजना नाही' असं उत्तर मिळतं. परिपत्रकाची छापील प्रत अर्जाला जोडूनच द्या आणि पोच घ्या. तीन, जमिनीवर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असलं तरी पत्नीचं नाव लागू शकतं, पण बोजा उताऱ्यावर राहतो. नाव लागलं म्हणून कर्ज फिटत नाही, हे घरात आधीच बोलून ठेवलेलं बरं.

नवरा वारला. सातबाऱ्यावर सासऱ्यांचं किंवा थोरल्या दिरांचं नाव आहे. मी काय करू?

सर्वात जास्त बायका इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी उतारा नीट वाचा. थोरल्या दिरांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.पु.' असं काही लिहिलेलं आहे का? त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, पुढारी. म्हणजे जमीन सगळ्या कुटुंबाची, नाव फक्त कर्त्याचं. अशा वेळी जुना फेरफार काढायचा. उताऱ्यावर प्रत्येक नावाजवळ गोलात फेरफार क्रमांक असतो, त्या क्रमांकाची गाव नमुना ६ ची नक्कल मागा. त्यात सगळ्या वारसांची नावं सापडतात आणि तुमच्या नवऱ्याचा हक्क तिथूनच सिद्ध होतो. मुलं लहान असताना नोंद झाली असेल तर 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालक कर्ता अशी नोंदही दिसेल. मूल १८ वर्षांचं झालं की ती कमी करून घ्यायची.

मग वारस नोंद. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विनामृत्युपत्र वारलेल्या माणसाची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, आणि हिस्से समान. मूल नाही म्हणून विधवेचा हक्क जात नाही. पुन्हा लग्न केलं म्हणूनही आधी मिळालेला हिस्सा जात नाही. विधवेच्या पुनर्विवाहाबद्दलचं जुनं कलम २४ हे २००५ च्या दुरुस्तीने वगळलं गेलं. मुस्लिम कुटुंबात हिस्से वेगळे असतात, मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा आणि नसतील तर चौथा. नवऱ्याने सोडून दिलेली पण घटस्फोट न झालेली बाई कायद्याने पत्नीच आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती वारस असते, मग ती माहेरी राहत असली तरी.

कागद असे: मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आणि अर्जदाराचं आधार. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा मुद्रांक कागद आणायला लावला तर तसं सांगा. अर्ज तलाठ्याकडे देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत कळवावं असं संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याचं काम राज्यभर घेतलं गेलं. तुमच्या घरच्या नोंदीत तुमचं नाव आलं का ते उतारा काढून तपासा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो.

एक गोष्ट आवर्जून पाहा. वारसांच्या यादीत मुलांची नावं असतात आणि आईचं, मुलींचं गाळलेलं असतं, किंवा विधवेचं नाव 'इतर हक्कात' टाकलेलं असतं. इतर हक्कातल्या नावावर अनुदान मिळत नाही. नाव कब्जेदार सदरातच, म्हणजे मालकांच्या रकान्यातच हवं.

माहेरच्या जमिनीत हक्क मागावा का? भाऊ हक्कसोड मागतोय.

कायदा स्पष्ट आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखीच हिस्सेदार आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलं की त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप किंवा विक्री झालेली असेल तर मात्र ती मोडत नाही. महाराष्ट्राने त्याआधीच १९९४ मध्ये, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना हा हक्क दिला होता.

माहेर तुटेल ही भीती खोटी नाही, आणि कोणी बाहेरून येऊन 'मागाच' म्हणणं सोपं असतं. निर्णय तुमचा. फक्त इतकं लक्षात ठेवा: हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावं लागतं. तलाठ्यासमोर दिलेला जबाब किंवा कोऱ्या कागदावरची सही हे हक्कसोडपत्र नव्हे. 'वारस नोंदीसाठी सही हवी' असं सांगून दुय्यम निबंधक कार्यालयात नेत असतील तर थांबून कागद वाचून घ्या, कारण वारस नोंदीला तिथे जावं लागत नाही. आणि एकदा नोंदणीकृत हक्कसोड झाली की ती मोडायला दिवाणी न्यायालयच.

आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, पासबुकावर तिसरं. अर्ज बाद झाला.

पुरुषांना ही अडचण क्वचित येते, बायकांना जवळजवळ नेहमीच. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कित्येक घरांत पहिलं नावही बदलतं. समजा सातबाऱ्यावर 'कोंडाबाई भ्र. दगडू' (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा) इतकंच आहे, कारण जुन्या नोंदीत आडनाव लिहीतच नसत. आधारवर 'कौशल्या दगडू जाधव', पासबुकावर 'कौसल्याबाई डी. जाधव'. माणसाला कळतं की बाई एकच आहे, संगणक ते मानत नाही.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी ठरवा की यापुढे कोणतं नाव चालवायचं. शक्यतो आधारवरचं चालवा, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. ती संधी स्पेलिंगच्या फेरफारात वाया घालवू नका. मग बँकेत अर्ज देऊन पासबुक आधारप्रमाणे करा, हे सर्वात सोपं. शेवटी सातबारा. हस्तलिखित उताऱ्यावरून संगणकावर घेताना चूक झाली असेल (जुन्या उताऱ्यावर बरोबर, नव्यावर चूक) तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करा आणि जुना हस्तलिखित उतारा जोडा. नावच वेगळं असेल तर 'कोंडाबाई आणि कौशल्या ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी दाखला, आणि पहिलं नाव पूर्ण बदललेलं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते.

विवाह नोंदणी झालेली नसेल तर आता करून घ्या. लग्नाला कितीही वर्षं झाली तरी ग्रामपंचायतीत नोंदणी होते.

शेतकरी ओळख क्रमांक घरातल्या कर्त्याचा आहे. माझा वेगळा लागेल का?

हो. तो जमिनीचा नसून माणसाचा क्रमांक आहे. सामाईक खात्यातल्या प्रत्येक खातेदाराने आपापला काढायचा. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक झालाय. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि गट क्रमांक घेऊन सीएससी (सामाईक सेवा) केंद्रात जा. तिथे तुमच्या नावाचे सगळे गट जोडले गेले का हे स्वतः पाहा. दुसऱ्या गावातली, माहेरची जमीन राहून जाते ती इथेच.

मोबाइल मुलाकडे असतो आणि बोटांचे ठसे उमटत नाहीत.

ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर जात असेल तर अर्ज झाला की नाही, पूर्वसंमती (खरेदीआधीची मंजुरी) आली की नाही, हे तुम्हाला कळतच नाही. कागदपत्रं अपलोड करण्याची मुदत एसएमएसवर येते आणि तो एसएमएस पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर पडून राहतो. मुदत टळली की अर्ज रद्द. साधा बटणांचा फोन चालेल, पण सिम स्वतःच्या ताब्यात हवं आणि तोच नंबर आधारला, बँकेला आणि महाडीबीटीला असावा.

ठशांचं म्हणाल तर कांदा काढणी, कापूस वेचणी, उसाचं पाचट यांत बोटांच्या रेषा झिजतात, राखेने भांडी घासूनही झिजतात. मशीन 'जुळत नाही' म्हणतं तेव्हा दोष तुमचा नसतो. केंद्रचालकाला डोळ्यांच्या बुबुळाचं किंवा चेहऱ्याचं प्रमाणीकरण करायला सांगा. ठसेच द्यायचे असतील तर सुगी संपल्यावर, हात स्वच्छ धुऊन, दहाही बोटं आलटून पालटून पाहा, करंगळी आणि अनामिकेचे ठसे बऱ्याचदा शाबूत असतात. आधार केंद्रात जाऊन ठसे अद्ययावतही करता येतात.

अनुदान 'जमा झालं' असं दिसतंय, माझ्या खात्यात मात्र नाही.

थेट लाभ अर्जात लिहिलेल्या खात्यात न जाता आधारशी शेवटी सीड झालेल्या (थेट लाभासाठी जोडलेल्या) खात्यात जातो. दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी टपाल बँकेत नवं खातं उघडलं असेल तर सीडिंग तिकडे सरकलेलं असू शकतं. माय-आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, त्यात बँकेचं नाव पाहा. बँकेत 'आधार लिंक आहे' असं सांगितलं तरी ते केवायसीपुरतं असू शकतं. 'डीबीटीसाठी (थेट लाभासाठी) सीडिंग करा' असं स्पष्ट लिहून अर्ज द्या.

आधी सगळे पैसे भरा, मग अनुदान. एवढे पैसे आणायचे कुठून?

नाव, आधार, बँक सगळं जुळल्यावर अर्ज थांबतो तो इथे. ट्रॅक्टरचं उदाहरण घेऊ. आजवर चालत आलेल्या निकषांत महिलेला किमतीच्या ५० टक्के किंवा १.२५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळतं. समजा ट्रॅक्टर ७ लाखांचा. ५० टक्के म्हणजे साडेतीन लाख ऐकून घरात हिशेब सुरू होतो, पण हातात येणार सव्वा लाख, तेही खरेदीनंतर. उरलेले पावणेसहा लाख आणि अनुदान येईपर्यंतचं व्याज तुमच्या डोक्यावर. ज्या बाईला अडीच-तीन एकर आहे तिने ट्रॅक्टरच्या मागे लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पॉवर वीडर, फवारणी पंप, ठिबक यांत पैसा कमी अडकतो आणि रोजच्या कामाचा ताण खरोखर हलका होतो.

ठिबकचा हिशेब जास्त चांगला बसतो. केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के (२ हेक्टरपर्यंतच्या अल्प-अत्यल्प भूधारकांना) आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ टक्के पूरक, मिळून ८० टक्के. इतरांना ४५ आणि ३०, मिळून ७५ टक्के. ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर असते, विक्रेत्याच्या बिलावर नसते.

पैशाची तजवीज करताना तीन चुका टाळा. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका, आधीच्या तारखेचं बिल असलं की अनुदान गेलं. पैसे रोख देऊ नका. आणि पैसे नवऱ्याच्या किंवा दिराच्या खात्यातून देऊ नका: बिल तुमच्या नावाचं, तर रक्कम तुमच्याच खात्यातून गेलेली दिसली पाहिजे. घरातले पैसे आधी तुमच्या खात्यात घ्या, मग विक्रेत्याला वर्ग करा. सगळं बरोबर असून या एका कारणाने प्रस्ताव परत येतात.

कर्ज लागत असेल तर १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाला २ लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बचत गटाचं अंतर्गत कर्ज किंवा संयुक्त देयता गट (एकमेकींच्या कर्जाला जबाबदार राहणारा गट) हेही मार्ग आहेत. मायक्रोफायनान्सचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज मात्र अनुदानाच्या भरवशावर काढू नका, कारण हप्ता पुढच्या आठवड्यापासून सुरू होतो आणि अनुदानाला महिने लागू शकतात.

बाई म्हणून वेगळं काय मिळतं?

यांत्रिकीकरणात वरच्या दराचं अनुदान. इतर शेतकऱ्यांना ट्रॅक्टरसाठी ४० टक्के किंवा १ लाख. अनेक केंद्र पुरस्कृत योजनांत ३० टक्के निधी महिलांसाठी. महाडीबीटीवर प्रोफाइलमध्ये लिंग आणि प्रवर्ग चुकीचा भरला गेला (सायबर कॅफेत घाईत 'पुरुष' राहून जातं) तर यातलं काहीच मिळत नाही. अर्ज सादर करण्याआधी ते पान स्वतः पाहा. महाडीबीटीवर आता सोडतीऐवजी आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आहे, त्यामुळे उशिराने कळणाऱ्या बायकांचं नुकसान होण्याची शक्यता वाढलीये. ३० टक्के राखीव असले तरी रांगेत मागे राहू नका. अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे आहे, केंद्रचालक स्वतःची मजुरी वेगळी घेत असेल तर किती ते आधी विचारा.

नवऱ्याने माझ्या नावावर ट्रॅक्टरचा अर्ज केलाय. मी फक्त सही करायची आहे.

जादा अनुदानासाठी असं सर्रास होतं. सही करण्याआधी तीन गोष्टी जाणून घ्या. कर्जदार तुम्ही असाल तर हप्ते थकल्यावर तुमचं सिबिल खराब होतं, पुढे पीककर्ज, गटाचं कर्ज सगळं अडतं. एकदा एका घटकाचा लाभ घेतला की त्याच घटकासाठी पुढची १० वर्षं अर्ज करता येत नाही, म्हणजे तुमची संधी वापरली गेली. आणि आरसी बुक, बिल, विमा तुमच्या नावावर असतील तर ते तुमच्याकडे ठेवा. घरात ट्रॅक्टर आला, तो चांगला चालला, सगळ्यांचं भलं झालं, असंही होतं. पण कागद तुमच्या नावाचा असताना त्यावर काय लिहिलंय हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

सातबाऱ्यावर नाव लागलं तर लाडकी बहीणचे पैसे बंद होतील का?

नाही. सुरुवातीला ५ एकर जमिनीची अट होती, ती जुलै २०२४ मध्येच काढली. चारचाकी वाहनाच्या अटीतून ट्रॅक्टर वगळलेला आहे. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत ही अट आहेच. फरक पडतो तो पीएम-किसान आणि नमो शेतकरी महासन्मान निधी तुमच्या स्वतःच्या नावावर सुरू झाला तर: वर्षाला ६ अधिक ६ म्हणजे १२ हजार, महिन्याला १ हजार. मग लाडकी बहीणमधून १५०० ऐवजी फरकाचे ५०० मिळतात.

पीएम-किसानबद्दल आणखी एक गैरसमज. पती, पत्नी आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, लाभ एकालाच. लक्ष्मी मुक्तीने नाव लागलं म्हणून दुसरा हप्ता सुरू होत नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली असेल तर ती वारसाने आलेली असेल तरच नोंदणी होते. विधवेने नवऱ्याच्या खात्यावर येणारे हप्ते तसेच घेत राहू नये, त्यांची वसुली निघते. वारस फेरफार जोडून स्वतःची नवी नोंदणी करावी.

माझ्याकडे जमीनच नाही, दुसऱ्याचं शेत बटईने करते.

कूळ लागेल या धास्तीने मालक लिहून देत नाहीत आणि तोंडी बटईवर अनुदान मिळत नाही, पीकविम्यालाही नोंदणीकृत भाडेकरार मागतात. तेव्हा जमिनीवर न बेतलेल्या योजना पाहा. पशुसंवर्धन विभागाच्या नावीन्यपूर्ण योजनेत दुधाळ जनावरांचा गट, १० शेळ्या आणि १ बोकड, कुक्कुटपालन असे घटक आहेत; अनुदान सर्वसाधारण गटाला ५० आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के, महिलांसाठी ३० टक्के राखीव. अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई, म्हणजे केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना: प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख, बँक कर्जाशी जोडलेलं. मसाला कांडप, पापड, डाळ मिल, काजू, हळद पावडर यांना ते लागू पडतं. बचत गटाला याच योजनेत प्रतिसदस्य ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटांमार्फत अवजार बँकही उभी राहते. नमो ड्रोन दीदीत बचत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख, असं अनुदान ठरलं आहे. ड्रोनच्या बॅटऱ्या फवारणीच्या हंगामात सतत चार्ज कराव्या लागतात, तेव्हा गावात वीज किती तास असते हे विचारात घेऊनच गटाने ठरवावं.

आमच्याकडे वनहक्काचा पट्टा आहे. त्यावर माझं नाव असतं का?

असायलाच हवं. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ४(४) नुसार विवाहित व्यक्तीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त असतो. नंदुरबार, गडचिरोली, पालघरकडे पट्ट्यावर दोघांची नावं दिसतात, पण पुढे महसुली नोंद करताना एकट्या पुरुषाचं नाव चढल्याचं आढळतं. पट्ट्याची प्रत घेऊन दुरुस्ती मागा. अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे, नवी विहीर आणि इतर घटकांसाठी. आणि हे ध्यानात असू द्या की हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, वारसाचा प्रश्न आला तर जाणकार वकिलाला विचारा.

योजनेची माहिती आम्हाला कळतच नाही.

बैठक संध्याकाळी पारावर किंवा चावडीत होते, तेव्हा बायका चुलीपुढे असतात. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. त्या सभेत 'कृषी सहायकांनी (आताचे सहायक कृषी अधिकारी) चालू योजनांची यादी महिला सभेत वाचावी' असा ठराव करून घ्या. गावात उमेदची कृषी सखी असेल तर तिला आधी गाठा.

शेतात अपघाती मृत्यू झाला, पण मयत बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. मदत मिळते का?

मिळू शकते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदाराशिवाय कुटुंबातली आणखी एक व्यक्ती (आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी) धरली जाते, वय १० ते ७५. मृत्यूला २ लाख रुपये. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, विहिरीत पडणं आणि बाळंतपणातला मृत्यूही यात आहे. हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. दावा हुकतो तो पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकल्यामुळे. दुःखाच्या घरात हे सुचत नाही, म्हणून शेजारणींनी तरी आठवण करून द्यावी.

अर्ज कोणी घेतच नाही, किंवा घेऊन ठेवून देतात. कुठे जायचं?

तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. ती टळली की त्याच विभागात पहिलं आणि दुसरं अपील, नंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे. वारस फेरफाराला कुणी हरकत घेतली तर ती तक्रार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये चढते आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. त्या तारखेला हजर राहा, मूळ कागद सोबत न्या, म्हणणं लेखी द्या. निर्णय विरोधात गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील. दिवस मोजता येतील असा पुरावा हातात हवा, म्हणून आदेशाची प्रत मिळाल्याची तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा.